कानाने लावलेली गाडी

आमचा दादा मोटारसायकल कानाने लावायचा. लावायचा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गाडी उभी आहे, गिअरमध्ये नाही, ॲक्सिलरेटरवर कुणाचा हात नाही, तरी इंजिन बंद न पडता सावकाश, एकसारखं चालत राहिलं पाहिजे. त्याला आम्ही गॅरेजवाले 'स्लो' म्हणतो. स्लो कमी असला तर गाडी सिग्नलला बंद पडते. जास्त असला तर पेट्रोल पिते, तापते आणि ब्रेक दाबला तरी पुढे ढकलत राहते. कार्ब्युरेटरवर दोन छोटे स्क्रू असतात, एक हवेचा आणि एक स्लोचा. ते पाव-पाव फेऱ्याने फिरवायचे आणि ऐकायचं. एवढंच काम. पण 'एवढंच' म्हणणाऱ्याने एकदा करून दाखवावं.

दादा करून दाखवायचा. आधी इंजिन दहा मिनिटं तापू द्यायचा, कारण थंड इंजिनावर लावलेला स्लो तापल्यावर हमखास बदलतो. मग गुडघ्यावर बसायचा, डोळे मिटायचा आणि कान इंजिनकडे करायचा. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. आवाज सर्वांत मोकळा होईल तिथे तो सोडायचा आणि मग स्लोच्या स्क्रूने इंजिन हळूहळू खाली आणायचा. ॲक्सिलरेटर एकदा पिळून सोडायचा. आवाज चढून लगेच जागेवर यायला हवा. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. तेव्हा आवाज हलता कामा नये. हलला तर समजायचं की ॲक्सिलरेटरची केबल कुठेतरी ताणली जाते आहे, आणि वळताना कुणी न पिळताच गाडी उसळणार आहे. हे सगळं मला त्यानेच शिकवलं. मी सतरा वर्षांचा होतो, तो पंचवीसचा.

आता मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. एकोणतीस वर्षं मी 'धाकटा' आहे. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "दादा आहे का?" मी काय तिथे पाने मोजायला बसलो होतो? इंजिन मी उघडायचो, क्लच प्लेटा मी बदलायचो, कार्ब्युरेटर धुऊन त्याची केसाएवढी भोकं तारेने मी साफ करायचो. शेवटी दादा यायचा, पाच मिनिटं डोळे मिटून बसायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, दादाचा कान म्हणजे कान!" मेला हत्ती ओढायचा मी आणि शेपटी धरणाऱ्याचं नाव.

दोन वर्षांपूर्वी एक दिवस दोन गाड्या शेजारी-शेजारी चालू होत्या. दादा एकीचा स्लो लावत होता आणि मी दुसरीची चेन. दादाची गाडी बंद पडली. तो स्क्रू फिरवतच राहिला. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तीच ती समाधी. माझ्या गाडीच्या आवाजावर तो स्वतःच्या गाडीचा स्क्रू फिरवत होता! मला आधी हसू फुटलं. मग मी माझीही गाडी बंद केली, बघू या म्हणून. त्याने तेव्हा डोळे उघडले आणि म्हणाला, "बंद का केलीस? आत्ता कुठे बसत आली होती." माझं हसू तिथेच विरलं.

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडे येतो म्हणून वहिनी कुरकुरायची, ते उगाच नव्हतं. फोनवर तो समोरच्यावर ओरडायचा, "नीट बोला हो, तोंडात काय धरलंय?" लोकांना वाटायचं, दादा वयाप्रमाणे तापट होत चाललाय. मी एकदा म्हणालो, "दादा, एकदा कान दाखवून ये." त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला की मीच जाऊन चहा सांगून आलो. पुन्हा विषय काढायचा नाही म्हणून मी कानाला खडा लावला.

आणि मग मी माझी युक्ती सुरू केली. काम झालं की मी म्हणायचो, "एक चक्कर मारून आणतो." कोपऱ्यावरून वळायचो, बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीच्या भिंतीआड गाडी थांबवायचो, खिशातला आखूड स्क्रूड्रायव्हर काढायचो आणि स्लो पुन्हा लावायचो. बहुतेक वेळा त्याने जास्तच ठेवलेला असायचा; कमी ऐकणाऱ्याला सगळंच कमी वाटतं. इंजिनचा वेग काट्याने दाखवणारं एक छोटं मीटर मी घेऊन ठेवलं होतं, तेही कधी लावायचो. परत आलो की दादा विचारायचा, "कशी आहे?" मी म्हणायचो, "एकदम बरोबर." गिऱ्हाईक दादाचे आभार मानून जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या बायकोलासुद्धा मी हे सांगितलं नव्हतं.

हे मी प्रेमाने करत होतो का? थोडं प्रेमानेही. पण खरं सांगायचं तर रोज भिंतीआड स्क्रू फिरवताना माझ्या तोंडात शिव्या असायच्या.

त्या सकाळी गॅरेजवर चार माणसं होती. मी एका जुन्या गाडीला मीटर लावून काटा बघत होतो. दादा मागून आला, त्याने वायर उपटली आणि मीटर सुटे भाग धुवायच्या रॉकेलच्या ट्रेमध्ये टाकलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, कारण दुसरा आवाज त्याच्याकडे उरलाच नव्हता, "ज्याला कान नाही, त्याला काटा लागतो! एकोणतीस वर्षं शिकवतोय, पालथ्या घड्यावर पाणी!" चौघेही हसले. त्यातल्या दोघांच्या गाड्या आठवड्यापूर्वी मीच भिंतीआड लावून दिल्या होत्या.

मी रॉकेलमधून मीटर काढलं, पुसलं. काटा अडकून बसला होता. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला शब्द आहेत, पण ते लिहिण्यासारखे नाहीत.

त्याच वेळी समोरचे मास्तर आपली गाडी न्यायला आले. मास्तर म्हणजे शिंपी. आमच्या समोरच्या रांगेत कोपऱ्यावर त्यांचं दुकान, पायाने चालवायचं शिलाई मशीन, दादाचे वीस वर्षांचे मित्र. दोघांचं भांडण ऐकून नवख्याला वाटावं की आता मारामारी होणार, आणि पाच मिनिटांनी दोघं एकाच कपातला चहा अर्धा-अर्धा करताना दिसायचे. मास्तरांच्या गाडीची ॲक्सिलरेटरची केबल तुटायला आली होती. दादाने स्वतः नवी घातली होती. मित्राची गाडी होती, म्हणून माझा हात लागू दिला नव्हता.

मास्तर बाकड्यावर बसले. दादाने गाडी तापवली, डोळे मिटले, स्क्रू फिरवले. मग हँडल डावीकडे वळवलं. काही नाही. उजवीकडे वळवलं, आणि आवाज चढला. थोडाथोडका नाही. सावकाश चालणारं इंजिन एकदम धावायला लागलं. केबल त्याने हँडलच्या मानेच्या चुकीच्या बाजूने घेतली होती. उजवीकडे वळलं की ती ताणली जात होती. दहा मिनिटांचं काम होतं. टाकी थोडी उचलायची, केबल योग्य बाजूने फिरवायची, बोटभर ढील ठेवायची. दादाने हँडल सरळ केलं, आवाज खाली आला. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "झाली. लोण्यासारखी चालेल."

मी चार पावलांवर उभा होतो. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

मास्तर बाकड्यावरूनच माझ्याकडे वळले. "धाकट्या, चक्कर मारून आणतोस ना?"

"दादाने लावलीय," मी म्हणालो. "आता आम्ही काय चक्कर मारायची? आम्हाला कुठे कान आहेत?"

मास्तर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मागे कुणीतरी हसलं. "बरं," ते म्हणाले आणि उठून निघाले.

मला काय वाटलं होतं, ते मी आजवर शंभर वेळा स्वतःला सांगून झालंय. मला वाटलं होतं की पहिल्याच वळणावर गाडी उसळेल, मास्तर दचकतील, शिव्या देत परत येतील आणि चार माणसांत दादाला म्हणतील, "अरे, हे काय लावून दिलंस?" एवढंच. मला फक्त दादाचं नाक कापलेलं बघायचं होतं. मास्तरांचं काही वाकडं व्हावं असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. हे खरं आहे, आणि याचा कुणालाही काडीचा उपयोग नाही.

ते परत आले नाहीत. मोठ्या रस्त्यावर दुभाजकाच्या फटीतून त्यांना उजवीकडे वळून पलीकडे जायचं होतं. ते थांबले होते, पहिला गिअर टाकून, क्लच अर्धा सोडून, सरळ येणारा टेम्पो जाऊ देत होते. हँडल पूर्ण उजवीकडे होतं. गाडी उसळली आणि टेम्पोच्या मागच्या चाकात शिरली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

दादा ते तीन दिवस जेवला नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून होता. पण गाडीबद्दल कुणी बोललं की उसळायचा. "माझ्या कानाखालून गेलेली गाडी आहे. मास्तरांचीच घाई झाली. मी त्यांना पन्नास वेळा सांगितलंय, वळताना रेस पिळू नका." तो हे जीव तोडून म्हणायचा. खोटं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती.

आठवड्याने मास्तरांचा मेहुणा ती गाडी टेम्पोत घालून गॅरेजवर घेऊन आला. पुढचं चाक काकडीसारखं वाकलेलं, दिवा गेलेला, पण इंजिन शाबूत. मेहुणा शांत माणूस होता. म्हणाला, "भांडायला आलो नाही. ताईला एकदा कळू दे, की चूक त्यांची होती का गाडीची."

"चालू कर," दादा मला म्हणाला. "सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

आजूबाजूचे दुकानदार जमले. मी किक मारली. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. दादा गुडघ्यावर बसला, डोळे मिटले. "वळव," म्हणाला. मी हँडल डावीकडे वळवलं. मग उजवीकडे. इंजिन किंचाळल्यासारखं चढलं. मी धरून ठेवलं; सोडायचंही सुचलं नाही. सगळे दादाकडे बघत होते आणि दादाच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"बघा," तो उठत म्हणाला. "आहे का तिळाएवढा फरक?"

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आवाज वाढला तो कशाने?"

तेव्हा मी सांगू शकलो असतो. तोंड उघडायचं होतं, बस्स. मी म्हणालो, "पडल्यावर केबल ओढली गेली असेल."

"काय म्हणतोय तो?" दादाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

मेहुणा गाडी तिथेच ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याकडून निरोप आला, मास्तरांनी तुला एकट्याला बोलावलंय. चोराच्या मनात चांदणं. मला वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

मास्तर दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. चादर एका बाजूला सपाट होती. मी तिकडे बघू नये म्हणून खिडकीकडे बघत राहिलो.

"बघ की," ते म्हणाले. "चोरून कशाला बघतोस? आता माझ्या पँटला कापड कमी लागणार. शिंप्याची चैनच आहे." मग स्वतःच हसले आणि हसताना दुखलं म्हणून थांबले.

मी स्टुलावर बसलो. म्हणालो, "मास्तर, मला ऐकू आलं होतं."

"माहीत आहे मला."

"दादाला ऐकू येत नाही, मास्तर. दोन वर्षं झाली. कुणालाच माहीत नाही, पण—"

"कुणालाच?" मास्तर म्हणाले. "धाकट्या, मी इस्त्री कुठे करतो?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मागच्या खिडकीत. समोर वखारीची भिंत. दोन वर्षं बघतोय तुला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढताना. आधी मला वाटलं, हा गाड्यांमध्ये काहीतरी खोड्या करतो. मग ध्यानात आलं. मी वाण्याला सांगितलं, वाण्याने न्हाव्याला. सगळ्या रस्त्याला माहीत आहे. दादाला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोलत नाही. धाकटा चक्कर मारून आला की गाडी घ्यायची, तोवर बाकड्यावरून उठायचं नाही, असं ठरलेलंच आहे आमचं. आम्ही गाड्या तुझ्याकडे आणत होतो रे. दादाचं नाव घ्यायचो, इतकंच."

एकोणतीस वर्षं हेच वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी जीव टाकत होतो.

"मग त्या दिवशी का नेलीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला. "मी चक्कर मारली नव्हती. का नेलीत गाडी?"

"तू म्हणालास, दादाने लावलीय. आवाज चढलेला मलाही ऐकू आला होता, पण त्यातलं मला काय कळतं? तू तिथेच उभा होतास, ऐकत होतास. मला वाटलं, आज खरंच बरोबर लागली असेल. नाहीतर धाकटा मला जाऊ देणार नाही."

मी रडलो. मास्तरांनी मला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावा तरी का? थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझा पाय तर गेला. मशीनला मोटर बसवून घेईन. पण तुझा दादा आत्ता, या घडीला कुणाची तरी गाडी लावत असेल, आणि तू इथे बसलायस. जा. त्याला सांग. मला सांगून काय उपयोग?"

मी जवळजवळ धावतच आलो. दादा खरोखरच गाडी लावत होता. बाकड्यावर एक मुलगी बसली होती, मांडीवर हेल्मेट, घड्याळाकडे बघत. इंजिन भरमसाट वेगाने चालू होतं आणि दादा डोळे मिटून ते आणखी वर चढवत होता.

"दादा," मी म्हणालो. त्याने ऐकलं नाही. मी वाकून चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. तो स्क्रू फिरवत राहिला, मग माझी सावली त्याला जाणवली आणि त्याने डोळे उघडले.

"का बंद केलीस?"

"दादा, तुला ऐकू येत नाही."

"काय?"

"तुला ऐकू येत नाही!"

"अरे, मोठ्याने बोल ना. बायकांसारखं काय कुजबुजतोस?"

हे मला हळूच सांगायचं होतं. आत नेऊन, खुर्चीवर बसवून, हात हातात घेऊन. पण बहिऱ्या माणसाला हळूच सांगायची सोय नसते. मी घसा फाडून ओरडलो, "तुला ऐकू येत नाही, दादा! मास्तरांच्या गाडीचा आवाज उजवीकडे चढत होता! केबल चुकीच्या बाजूने गेली होती! तुला ऐकू आलं नाही, मला आलं होतं, आणि मी बोललो नाही!"

शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मशीन बंद केलं. पलीकडच्या दारात न्हावी येऊन उभा राहिला, हातात वस्तरा तसाच. बाकड्यावरची मुलगी उठली आणि कुठे बघावं ते न कळून हेल्मेटकडे बघू लागली. दादाने एकेकाकडे बघितलं. वेल्डिंगवाल्याकडे, न्हाव्याकडे, त्या मुलीकडे. कुणीही 'हा काय वेड्यासारखं बोलतोय' म्हणालं नाही. त्याला माझ्या ओरडण्यापेक्षा त्यावरूनच कळलं असावं.

तो उठला नाही. स्क्रूड्रायव्हर कार्ब्युरेटरवरच टेकलेला होता. दोन वर्षांत प्रथमच तो इतक्या बारीक आवाजात बोलला की मलाच कान पुढे करावा लागला.

"केव्हापासून?"

"दोन वर्षं."

"दोन दिवस?"

"दोन वर्षं, दादा! वर्षं!"

"मग मी लावलेल्या गाड्या?"

"मी पुन्हा लावत होतो. वखारीमागे नेऊन."

तो बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सगळ्या?"

"एक सोडून," मी म्हणालो.

त्याने कानामागे हात धरला आणि मान माझ्याकडे झुकवली. सगळा रस्ता गप्प उभा होता. मला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.